सगळेच उंबर

नानांच्या घरात कूलर एकच होता आणि तो माणसांसाठी नव्हता. जळगावचा उन्हाळा ज्याने काढला आहे त्याला यापुढे काही सांगायला नको. भिंती दुपारी तापायच्या त्या पहाटेपर्यंत तापलेल्याच राहायच्या, नळाचं पाणी हाताला चटका द्यायचं, आणि असल्या दिवसांत तो पत्र्याचा अवाढव्य कूलर आतल्या खोलीच्या दाराशी उभा राहून भंगारातून आणलेल्या कॉम्प्युटरांना वारा घालायचा. त्याची टाकी मात्र माणसांनी भरायची. काकू, हर्षाताई आणि मी आळीपाळीने बादल्या ओतायचो आणि परत स्वयंपाकघरात जाऊन पदराने, वहीने, जे हाताला लागेल त्याने वारा घेत बसायचो. नाना स्वतः त्या गार खोलीतच खुर्ची टाकून बसायचे. कोणी तिथे जरा रेंगाळलं तर म्हणायचे, दार लावून घ्या, मंडळी तापतात. मंडळी म्हणजे कॉम्प्युटर. घरातल्या बायकांना त्यांनी कधी मंडळी म्हटल्याचं मला आठवत नाही.

नाना म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमची केळीची शेती यावलजवळ, आणि अकरावी-बारावीसाठी मला नानांकडे जळगावला ठेवलं होतं, कारण घरात एक प्राध्यापक असताना पोरीला क्लास कशाला, असा वडिलांचा हिशेब. प्राध्यापकांनी मला दोन वर्षांत एकही गणित शिकवलं नाही. ते धुळ्याच्या एका कॉलेजातून निवृत्त झाले होते. डॉक्टरेट अर्धवट राहिली होती, ती का राहिली याच्या कहाण्या दरवेळी वेगळ्या असत आणि प्रत्येकीत दोष दुसऱ्या कोणाचा तरी असे. दाराच्या पाटीवर 'प्रा.' एवढं मोठं की पुढचं नाव वाचायला जवळ जावं लागे. काकू साक्रीकडची, तिची बोली अहिराणी, पण नानांसमोर तिने अहिराणी बोललेलं त्यांना खपत नसे. "शुद्ध बोल," असं ते पेपरातून डोकं न काढता म्हणत. त्यामुळे काकू बाहेरच्या खोलीत जवळजवळ मुकी असे आणि स्वयंपाकघरात आली की तिला तोंड फुटे. मला अहिराणी आली ती तिथेच, शेवभाजीचा रस्सा उकळताना आणि ज्वारीचे पापडासारखे बिबडे गच्चीवर वाळत घालताना.

निवृत्तीनंतर नानांनी संशोधन काढलं. केळीच्या पानाचा फोटो दाखवला की पानावर करपा पडलाय की नाही ते यंत्राने ओळखायचं, असा तो विषय होता. विषयात वाईट काही नव्हतं, फोटो आमच्याच मळ्यातले होते, काही मी काढलेले होते. त्यासाठी कॉम्प्युटरच्या पोटात एक जाळं असतं. एका बाजूने फोटो आत जातो, मग आकड्यांचे थरावर थर, आणि शेवटी बाहेर एवढंच उत्तर येतं, रोगट की निरोगी. जाळ्याला शिकवायचं म्हणजे आतले ते हजारो आकडे नीट बसवायचे. सगळं जग हे एका सरळ पद्धतीने करतं. उत्तर चुकलं की ती चूक घेऊन शेवटच्या थरापासून मागे मागे यायचं, प्रत्येक आकड्याला त्याच्या वाट्याची चूक दाखवायची आणि त्याला जरासा सरकवायचं. नानांना ही पद्धत हलकी वाटे. ते तिला कारकुनी म्हणत. त्यांना निसर्गासारखं करायचं होतं. म्हणजे एकच जाळं घ्यायचं नाही, जाळ्यांची एक वस्तीच घ्यायची, प्रत्येकात आकडे वाटेल तसे भरलेले. सगळ्यांची परीक्षा घ्यायची. नापास होतील त्यांना पुसून टाकायचं. पास होतील त्यांच्या जोड्या लावायच्या, दोघांचे आकडे मिसळून पोर तयार करायचं, त्या पोरात मधूनच एखादा आकडा उगाच बदलायचा, आणि अशी पिढ्यांमागून पिढ्या वस्ती सुधारत न्यायची. हे वाचायला फार छान वाटतं. पुढे मोठ्या कंपन्यांनी गोदामं भरून यंत्रं लावून असले प्रयोग केले आणि काही ठिकाणी ते जमलेही, हे मी प्रामाणिकपणे नोंदवते. पण नानांकडे गोदाम नव्हतं. त्यांच्याकडे भंगारातले कॉम्प्युटर होते, एक कूलर होता आणि एक मुलगी होती.

ती मुलगी म्हणजे हर्षाताई. ती इंजिनिअर झालेली आणि धुळ्याला एका कॉलेजात शिकवायला लागली होती. रोज पहाटेच्या बसने जायची, संध्याकाळी घामेजून परत यायची आणि मला तिच्या डब्यातलं उरलेलं काहीतरी द्यायची. तिथेच शिकवणारा भूषण, मूळचा साक्रीकडचा, दोघांचं जमलं. हे कळायला वेळ लागला नाही, कारण ताईने लपवलंच नाही. थंडीत आमच्या मळ्यात भरिताचा बेत होता, तेव्हा तिने त्याला सरळ जेवायलाच बोलावलं. पऱ्हाटीच्या, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांवर वांगी भाजत होती, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकऱ्या थापल्या जात होत्या, आणि भूषण शर्टाच्या बाह्या वर सारून धुरात डोळे पुसत वांग्यांची सालं काढत होता. माझ्या आईला तो पहिल्या पाच मिनिटांत आवडला. नाना खाटेवर बसून हे बघत होते. आमच्याकडे पाटील म्हटलं की काहीच कळत नाही, निम्मा खानदेश पाटील आहे, म्हणून विचारायचं ते कूळ आणि देवक. नानांनी त्याला पहिलं भरीत ताटात पडायच्या आधी विचारलं. त्याने सांगितलं. आमचं देवक उंबर, त्याचंही उंबर, कूळही तेच. नानांनी ताट बाजूला सारलं आणि हात धुतले.

"तो तुझा भाऊ लागतो," एवढंच ते घरी आल्यावर ताईला म्हणाले. ताई म्हणाली की त्यांचं गाव साक्रीच्या पलीकडे डोंगरात, आमचं गाव यावलला, मधे कोणाच्या आठवणीत कसलंही नातं नाही. नाना म्हणाले, आठवणीचा प्रश्न नाही, रक्ताचा आहे. या विषयात नाना स्वतःला मोठे जाणकार समजत. आळीतले लोक मुलांची स्थळं घेऊन त्यांच्याकडे यायचे, आणि नाना चष्मा कपाळावर चढवून शिक्षण, नोकरी, उंची सगळं ओलांडून आधी कुळाची ओळ शोधायचे. किती बऱ्या पोरापोरींची लग्नं त्या एका ओळीवर मोडली ते त्यांनाच ठाऊक. महिन्याभरात ताईची नोकरी सुटली. सुटली म्हणजे नानांनी सोडायला लावली. घरी बस आणि माझ्या संशोधनाला मदत कर, अशी आज्ञा झाली. निसर्गाच्या पद्धतीवर एवढी श्रद्धा असलेल्या माणसाने पोटच्या पोरीला कोंडून तिच्याकडून तो निसर्ग टाइप करून घेतला.

कोणी म्हणेल, सज्ञान मुलगी होती, निघून जायचं. तिला निघून जायचं नव्हतं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. बाहेरगावी दिलेली लेक असेल तर तिला आणायला माहेरचा मुराळी जातो, भाऊ किंवा बाप, आणि तो आला नाही तर त्या बाईचं सासरी तोंड उतरतं. वैशाखाच्या त्या भाजणाऱ्या दिवसांत झाडाला झोके बांधतात, बाया गाणी म्हणतात, खापरावर परातीएवढ्या पुरणपोळ्या होतात आणि आमरसाची पातेली भरतात. त्या वर्षीच्या आखाजीला ताई मागच्या अंगणातल्या कडुलिंबाच्या झोक्यावर बसली होती आणि मी दोर धरून उभी होते. ती म्हणाली, "मला लग्न त्याच्याशीच करायचंय. पण आखाजीला मला इथे यायचंय गं. ते गेलं तर मी काय करू?" पुढे जे झालं ते एवढ्याचसाठी झालं. तिला नवरा मिळणारच होता, प्रश्न या अंगणाचा होता.

तर संशोधन. नानांना टाइप करता येत नव्हतं आणि शिकायचं नव्हतं. ते खुर्चीत बसून सांगायचे आणि ताई लिहायची. वस्ती केवढी, पास कोणाला करायचं, आकडे कसे मिसळायचे, एकेक नियम ते सावकाश, शब्दाशब्दाला थांबून सांगत. जोड्या लावायच्या नियमापर्यंत आले आणि त्याच सुरात म्हणाले, "आणि एका कुळातली दोन जुळवायची नाहीत." मी दाराशी बादली घेऊन उभी होते, म्हणून हे मी कानांनी ऐकलं आहे. जाळ्यांना कूळ! ताईने टाइप करता करताच विचारलं की कूळ कोणाकडून लावायचं. "बापाकडून," नाना म्हणाले. "आणखी कोणाकडून लावतात?" मग त्यांनी पहिल्या पिढीच्या जाळ्यांना देवकांप्रमाणे झाडांची नावं वाटून दिली. काही आंबा, काही जांभूळ, काही कळंब, काही उंबर. जोडीतलं जास्त गुणांचं जाळं बाप, कमी गुणांचं ते आई, आणि पोराला बापाचं झाड. ताईने सगळं निमूट लिहिलं. त्या सकाळी त्या खोलीत ही गोष्ट कोणालाच विचित्र वाटली नाही, याचं मला आज सगळ्यात जास्त आश्चर्य वाटतं. आम्हाला तिघांनाही तो हिशेबाचाच भाग वाटला, मीठ घालायला सांगावं तसा.

यंत्रं सुरू झाली. घरभर एक बारीक घरघर, तिच्यावर कूलरची मोठी घरघर, आणि वीज गेली की एकदम अशी शांतता की पलीकडच्या आळीतला मुसळाच्या कांडपाचा आवाज यायचा. वीज गेली की नाना अंगणात येऊन महावितरणला शिव्या द्यायचे, शुद्ध मराठीत. रोज सकाळी ताई फळ्यावर एक ठिपका काढायची, त्या दिवशीच्या सगळ्यात हुशार जाळ्याने किती फोटो बरोबर ओळखले त्याचा. सुरुवातीला ठिपके जरा वर चढले. नाना शेजाऱ्यांना बोलावून फळा दाखवू लागले. मधल्या काळात ताईने गंमत म्हणून तेच जाळं आपल्या लॅपटॉपवर जगाच्या कारकुनी पद्धतीने शिकवलं. आम्ही दुपारची भांडी घासून आत आलो तोवर ते शिकून मोकळं झालं होतं आणि नानांच्या वस्तीतल्या कोणत्याही जाळ्यापेक्षा कितीतरी चांगलं ओळखत होतं. तिने नानांना दाखवलं. त्यांनी पडद्याकडे बघितलं, म्हणाले, ही पाठांतराची हुशारी आहे, हिला वंश नाही, आणि टाकीत पाणी आहे का ते बघायला मला पाठवलं.

पावसाळा लागेपर्यंत ठिपके थांबले. आज जिथे, उद्या तिथेच, परवाही तिथेच. नाना म्हणाले, वस्ती पक्व झाली. ताई म्हणाली, मेली असावी, आणि आत शोधायला बसली. तिला फार खोल जावं लागलं नाही. वस्तीतलं एकूण एक जाळं उंबर कुळाचं झालं होतं. त्यात गूढ काही नाही, तसंच होणार होतं. सुरुवातीला एक उंबर जाळं नशिबाने जरा बरं निघालं, बरं म्हणून तेच दरवेळी बाप झालं, बापाचं झाड पोरांना लागलं, आणि बाकीची झाडं फक्त सुना पुरवत पुरवत एकेक करून संपली. शेवटचा कळंब गेला त्या दिवसापासून लग्न लागेल अशी एकही जोडी वस्तीत उरली नव्हती. सगळेच एकमेकांचे भाऊ. जोडी मिळाली नाही तर असलेल्याचीच नक्कल करायची असं प्रोग्रामात होतं, म्हणून कित्येक आठवडे ती यंत्रं, आम्ही ओतलेल्या पाण्याचा वारा खात, त्याच त्या जाळ्याची नक्कल करत बसली होती. कुठे एखादा आकडा उगाच बदलायचा, पण तेवढ्याने काही हलत नव्हतं.

हे ऐकल्यावर नानांनी काय करावं? ते हसले, आणि मनापासून हसले. "म्हणजे शेवटी आपलंच कूळ उरलं," ते म्हणाले आणि हे सांगायला शेजारी जायला निघाले. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. ताईने मात्र त्यांना थांबवलं. तिचा आवाज चढला नव्हता. ती म्हणाली, नाना, बसा, तुम्हाला एक दाखवते. तिने जुन्या पिढ्यांतून दोन उंबर काढले आणि त्यांचे आकडे पडद्यावर शेजारी शेजारी मांडले. काही म्हणजे काहीच जुळत नव्हतं. प्रत्येक पिढीत आई बाहेरून आली होती, आणि एवढ्या आयांनंतर त्या दोघांत सारखं होतं ते फक्त नाव. मग तिने एक उंबर आणि एक जांभूळ काढलं. त्यांचे आकडे ओळीमागून ओळी तेच, सख्ख्या बहिणींसारखे, कारण दोघांच्या आया एकाच घरातल्या होत्या. नियमाने या दोघांचं लग्न चाललं असतं आणि त्या दोघांचं नाही. नानांनी दोन्ही जोड्यांच्या ओळी पडद्यावर बोट फिरवत वाचल्या. त्या माणसाला हे समजलं होतं, हे मी शपथेवर सांगते. तो मूर्ख असता तर मी त्याला केव्हाच माफ केलं असतं.

"काढ तो नियम," शेवटी ते म्हणाले.

ताईने विचारलं, "काढू? सगळीकडून?"

"प्रोग्राममधून," नाना म्हणाले आणि उठले.

नियम निघाला, वस्ती पुन्हा नव्याने भरली आणि ठिपके चढायला लागले. लॅपटॉपवरच्या त्या कारकुनाच्या जवळही ते कधी गेले नाहीत, पण नानांच्या पद्धतीने जेवढं चढता येतं तेवढे चढले. नानांच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी धुळ्याच्या आपल्या जुन्या कॉलेजात व्याख्यान ठरवून घेतलं. दिवाळीनंतर आम्ही सगळे गेलो. काकू ठेवणीतलं लुगडं नेसली. सभागृहात जुने सहकारी, काही विद्यार्थी आणि निम्म्याहून अधिक आमचे भाऊबंद होते, कारण नानांनी आळीत टेंभा मिरवून सगळ्यांना बोलावलं होतं. मागच्या रांगेत भूषण येऊन बसला. ताई पुढे लॅपटॉपपाशी, चित्रं बदलायला.

नाना बरं बोलले, हे सांगायलाच हवं. मधे एका म्हाताऱ्या सहकाऱ्याने विचारलं की एवढी अडलेली गाडी चालू कशी झाली. नानांनी पाण्याचा घोट घेतला आणि कुळाच्या नियमाची सगळी हकीकत सांगितली, ती जणू त्यांनीच शोधून काढली अशी. दोन उंबर दाखवले, उंबर आणि जांभूळ दाखवलं. म्हणाले, "कूळ ही वरची चिठ्ठी आहे. आत काय आहे त्याच्याशी चिठ्ठीचा संबंध नाही. चिठ्ठी वाचून जोड्या लावल्या तर वस्ती मरते." लोकांनी टाळ्या वाजवल्या. भाऊबंदांनीही वाजवल्या. टाळ्या थांबल्यावर ताई बसल्या जागेवरून बोलली. तिच्यापुढे माइक नव्हता, पण सभागृह लहान होतं.

"नाना, हे घरीही लागू आहे का?"

कोणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं, कारण भूषणचं प्रकरण तिथल्या निम्म्या लोकांना माहीत होतं आणि माना मागे वळायला लागल्या होत्या. तिने उद्धटपणे विचारलं नव्हतं. तिने ते अगदी खरोखर विचारलं होतं, उत्तर हवं म्हणून. माझ्या शेजारी काकूने माझं मनगट धरलं. नानांना फक्त हो म्हणायचं होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःचं असं काहीतरी सापडलं होतं, लोक टाळ्या वाजवत होते, मुलगी समोर होती, आणि एका शब्दाने दोन्ही त्यांच्याजवळ राहणार होती. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. पहिल्या रांगेतल्या भाऊबंदांकडे एकदा बघितलं. मग म्हणाले की या निकालांबद्दल त्यांच्या मनात काही शंका आहेत, नियम काढणं हा तात्पुरता प्रयोग होता, तो नियम ते परत घालणार आहेत, आणि आज मांडलेले निकाल ते मागे घेत आहेत. म्हातारा सहकारी गोंधळून आजूबाजूला बघत राहिला. विद्यार्थ्यांना काही कळलं नाही. चहा आला.

मी पुढे आयुष्यात बरीच भित्री माणसं पाहिली, काहींच्या हाताखाली नोकरीही केली. पण आपलं खरं आपल्याच तोंडाने खोटं पाडणारा आणि मग बिस्किट चहात बुडवून खाणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. माणसाला काही दिसत नाही तेव्हा त्याची कीव येते. नानांना दिसलं होतं, आणि म्हणून मला त्यांची कीव कधी आली नाही. आज ते नाहीत, मीही म्हातारी झाले, गुडघे दुखतात, लोक म्हणतात गेलेल्या माणसाचं चांगलं ते आठवावं. चांगलं आठवायचं तर एवढंच आठवतं की परत येताना पारोळ्याला बस थांबली तेव्हा त्यांनी सवयीने चौघांसाठी चहा आणि भजी घेतली आणि ताईचा कप तिच्या हातात नेऊन दिला. ती तो प्यायली.

थंडीत ताईने आणि भूषणने धुळ्याला नोंदणी करून लग्न केलं. आमच्याकडून माझी आई गेली होती, वडील गेले नाहीत, मला जाऊ दिलं नाही. नानांनी घरात सांगितलं की या विषयावर पुन्हा बोलायचं नाही आणि ते आतल्या खोलीत गेले. नियम परत घालायचा होता आणि टाइप करायला कोणी उरलं नव्हतं. मला बोलावलं, मी परीक्षेचं कारण सांगितलं. मग त्यांनी स्वतःच बसून, एका बोटाने, अक्षर शोधत शोधत ती ओळ लिहिली. अख्खी दुपार गेली. त्या सगळ्या संशोधनात नानांच्या हातची अशी ओळ ती एकच. उन्हं तापायला लागेपर्यंत वस्तीत पुन्हा सगळे उंबर झाले आणि फळ्यावरचे ठिपके आडवे सरळ जायला लागले. पाहुण्यांना ते सांगत, आता स्थिर झालंय. कूलर पुन्हा आतल्या खोलीच्या दाराशी उभा राहिला आणि बादल्या आता काकू आणि मी दोघीच भरू लागलो.

आखाजी जवळ आली. काकूने नानांना एकदाच विचारलं की मुराळी कोण जाणार. नाना म्हणाले, कोणासाठी? काकूने पुन्हा विचारलं नाही. आखाजीच्या आदल्या दिवशी सकाळी तिने पुरण शिजवून ठेवलं, मला आंबे पिळायला आणि खापरावर पोळ्या करायला सांगितलं, डोक्यावरून पदर घेतला आणि धुळ्याच्या बसने निघून गेली. मुराळी म्हणून आई गेल्याचं मी आमच्याकडे ना आधी ऐकलं होतं, ना नंतर. दुपारच्या कडक उन्हात ती परत आली तेव्हा मागे ताई होती, डोक्यावर ओढणी, हातात बॅग, चेहरा लाल झालेला. दाराशी ताई जरा थांबली. काकूने तिच्या पायांवर पाणी घातलं आणि तिला दंडाला धरून आत आणलं.

नाना जेवून आतल्या खोलीत खुर्चीतच झोपले होते. काकूने ताईला बाहेरच्या खोलीत, नानांच्या पाहुण्यांच्या त्या खोलीत बसवलं. मग ती आतल्या दाराशी गेली आणि कूलरला हात घातला. मला खूण केली. आम्ही दोघींनी तो पत्र्याचा बोजा करकरत ओढत बाहेर आणला, त्याचं तोंड ताईकडे केलं आणि काकूने बटण दाबलं. ताईच्या कपाळावरचे केस उडाले. तिने डोळे मिटून घेतले. मी ताट वाढून आणलं, खापरावरच्या पोळीची घडी आणि रसाची वाटी. आतून थोड्या वेळाने एक घरघर थांबली. मग दुसरी. तापली की ती यंत्रं आपोआप बंद पडायची, एकामागून एक ती सगळी गप्प झाली आणि घरात कूलरचा तेवढा आवाज राहिला.

त्या शांततेने नाना जागे झाले. दारात आले, बनियन घामाने चिकटलेलं. त्यांनी कूलरकडे बघितलं, ताई दिसल्याचं दाखवलं नाही.

"माझी मंडळी बंद पडली," ते म्हणाले. "हा कोणी फिरवला?"

"मी," काकू म्हणाली. त्या खोलीत, त्यांच्यासमोर, तिच्या तोंडून ती बोली मी पहिल्यांदा ऐकली. "मन्ही आंडेर उनी शे. तिले हवा लागू दे." आंडेर म्हणजे लेक, उनी म्हणजे आली.

नाना म्हणाले की चालू पिढी अर्धवट राहिली.

"त्या बठ्ठा एकच शेतस ना?" काकू म्हणाली, म्हणजे ती सगळी एकसारखीच ना. "मंग चालू ऱ्हायनात काय नि बंद ऱ्हायनात काय."

नाना तसेच दारात उभे राहिले. मला वाटतं, कोणीतरी उठून यंत्रं सुरू करून देईल याची ते वाट बघत होते. नेहमी ताई द्यायची. ताईने पोळीचा तुकडा रसात बुडवला, वाटी रिकामी केली आणि पुढे धरली, आणि काकूने तिला आणखी रस वाढला.